सत्तावीस अहवालांचा लेखक

२ सप्टेंबर

कामावरच्या शेऱ्याच्या रकान्यात दोनशेच अक्षरं मावतात. माझ्या शंका त्यात मावत नाहीत, म्हणून त्या इथे लिहायच्या.

काम असं आहे. सहा संस्थांच्या सूच्या एकत्र करून एकच सामाईक सूची करायची. दोन विद्यापीठं, एक संग्रहालय, एक अभियांत्रिकी महाविद्यालय, पाणीपुरवठा खात्याचं दफ्तर आणि आमचं ग्रंथालय. संगणक लेखकांची सारखी वाटणारी दोन-दोन नावं समोर आणतो आणि विचारतो, हा माणूस एकच, की हे दोन वेगळे? खाली दोन बटणं. ‘एकच’ दाबलं की दोन नोंदींची एक होते आणि दोघांची सगळी पुस्तकं एकाच माणसाच्या नावावर जमा होतात. नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितला: संशय असेल तर वेगळे ठेवा.

मॅडम इथल्या मुख्य. त्यांनी मला घेतलं ते शुद्धलेखनावर. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, हे मी अर्जात खरंखरं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, पदवीवाल्यांच्या अर्जांत जागोजागी चुका आहेत, तुमच्यात एकही नाही. सध्या तात्पुरता, काम बघून कायम करू. समोरच्या टेबलावर निवृत्तीला आलेले काका बसतात. ते म्हणाले, हे लग्न जुळवण्यासारखं काम आहे, फक्त इथे काडीमोड मिळत नाही.

संध्याकाळी ताईकडे जाऊन सांगितलं. ताई, भाऊजी आणि माझी भाची चिमी टेकडीवरच्या तलावाच्या खाली, बांधाच्या पायथ्याच्या गल्लीत राहतात. पुढे भाऊजींची लाँड्री, मागे घर. ताई म्हणाली, म्हणजे तुला दिवसभर शंका घ्यायचा पगार मिळणार, शेवटी तुझ्याजोगं काम मिळालं म्हणायचं.

१९ सप्टेंबर

एकाच जोडीवर सगळी सकाळ गेली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही तंतोतंत. एका नोंदीखाली चोवीस अहवाल, सगळे मातीचे बांध, धरणं आणि तलाव यांच्यावरचे. शेवटचा वीस वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या नोंदीखाली तीनच, गेल्या सात वर्षांतले: शहरातल्या कारंज्यांची देखभाल, बागांमधले हौद, आणि पाणीपट्टी वसुलीच्या सुधारित पद्धती. दोघेही पाणीपुरवठा खात्यातले. जन्मसाल दोन्हीकडे कोरं.

जुने चोवीस एकाच हातचे आहेत यात शंका नाही. प्रत्येकात हाताने काढलेलं एक चित्र आहे, बांधाचं, आणि बांधाची उंची कळावी म्हणून पायथ्याशी छत्री घेतलेली एक मुलगी उभी. दर चित्रात तीच मुलगी, तीच छत्री. फार सुंदर काढली आहे. नव्या तिन्हींत चित्र नाही, फोटो आहेत. पण आता चित्रं काढतं कोण?

मधली तेरा वर्षं रिकामी, तेच खुपत होतं. मग वाटलं, बढती मिळाली असेल. साहेब झालेली माणसं लिहीत नाहीत, सह्या करतात. काकांना विचारलं तर त्यांनी मान वर न करता सांगितलं की पाणी ते पाणी, मग ते कारंज्यातलं असो नाही तर धरणातलं. महिनाअखेर जवळ आली आहे आणि दुबार नोंदी किती कमी झाल्या ते मॅडमना वर कळवायचं आहे. त्या दोनदा टेबलाजवळून गेल्या.

जेवणाच्या सुट्टीआधी ‘एकच’ दाबलं. शेरा लिहिला: नाव, खाते व विषय जुळतात. एकूण सत्तावीस.

दुपारी ती तीनदा उघडून पाहिली. पण नोंद दिसायला छान दिसते. विखुरलेला माणूस एका जागी आला.

८ नोव्हेंबर

आज पेपरात ते नाव दिसलं. वरच्या तलावाचा बांध उंच करायचा आहे, म्हणजे शहराला बारा महिने पाणी पुरेल. त्यासाठी सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. बातमीत लिहिलं आहे, ‘धरणांच्या विषयावरील सत्तावीस अहवालांचे लेखक’.

सत्तावीस! हा आकडा जगात कुठेच नव्हता. चोवीस होता आणि तीन होता. सत्तावीस मी केला. बातमीदाराने आमच्या सूचीत बघूनच लिहिलं असणार. कात्रण कापून मॅडमना दाखवलं. त्यांनी ते फलकावर लावायला सांगितलं.

ताईलाही दाखवलं, कारण बांध तिच्याच गल्लीच्या डोक्यावर आहे. भाऊजी म्हणाले, चला, आमच्या मेव्हण्याने शहराला इंजिनिअर शोधून दिला.

५ डिसेंबर

सल्लागार साहेब स्वतः ग्रंथालयात आले. उंच, पांढरा शर्ट, हसरा चेहरा. मॅडमनी खुर्ची पुढे केली आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की तुमची नोंद यांनी जुळवली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, इतक्या वर्षांचं विखुरलेलं काम कुणीतरी एकत्र केलं, बरं वाटलं.

मी धीर करून त्या छत्रीवाल्या मुलीबद्दल विचारलं. त्यांनी घड्याळात पाहिलं. मग हसून म्हणाले, अहो, ते फार जुनं झालं. एवढा मोठा माणूस, पण स्वतःच्या चित्राबद्दल एक शब्द जास्त बोलला नाही. आजकाल असा विनय कुठे दिसतो?

जाताना त्यांनी एक विनंती केली. घर बदलताना त्यांच्याकडच्या प्रती गहाळ झाल्या आहेत, तर त्या चोवीस अहवालांच्या नकला मिळतील का? विशेषतः वरच्या तलावाचा. मी म्हटलं, साहेब, तुमचंच आहे सगळं. मला एक पेन देऊन गेले. चांगलं आहे, पण शाई जरा जास्त सोडतं.

काका ते गेल्यावर म्हणाले, “मी तीस वर्षं इथे आहे. स्वतःची पुस्तकं वाचायला येणारा लेखक पहिल्यांदाच पाहिला.”

मला हे बोलणं आवडलं नाही. निवृत्ती जवळ आली की माणूस कडू होतो.

१२ डिसेंबर

सगळा आठवडा नकला काढण्यात गेला. नकला काढताना वाचायचं नसतं, पानं सरळ आली की नाहीत एवढंच बघायचं. पण वरच्या तलावाच्या अहवालातलं एक पान वाकडं येत होतं, तीनदा काढावं लागलं, म्हणून तेवढं वाचलं गेलं. पूर्वेच्या टोकाला बांधाखाली जुना ओढा बुजलेला आहे आणि त्याची वाळू अजून तिथेच आहे, असं काहीतरी. पुढचं वाक्य मी एका कागदावर उतरवून घेतलं, इतकं ते स्वच्छ लिहिलेलं होतं: ‘पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ आहे तोवर लक्ष ठेवावे, ते गढूळ झाले की विचार करीत बसू नये, तलाव रिकामा करावा.’

एक जोडाक्षर चुकलेलं नाही. अशी माणसं आता लिहीत नाहीत.

या अहवालात शेवटी ‘उंची वाढवू नये’ असंही आहे. आता तेच साहेब वाढवा म्हणतात. वीस-पंचवीस वर्षांत शास्त्र पुढे गेलं असेल. माणसाने मत बदलू नये असं थोडंच आहे?

३ फेब्रुवारी

कायम झालो. मॅडमनी पत्र हातात दिलं आणि त्या सत्तावीसच्या नोंदीचा मुद्दाम उल्लेख केला. इतर पाचही संस्थांनी ती नोंद आपापल्या सूचीत उतरवून घेतली आहे.

संध्याकाळी ताईकडे गेलो. बांधावर मातीचे ट्रक चढत होते, गल्लीभर धूळ. भाऊजींचा जीव नुसता वैतागला होता. धुतलेले कपडे वाळत घालायला जागा नाही. चिमी ट्रक मोजत दारात बसली होती.

११ मार्च

दुपारी एका बाईंचा फोन आला. आवाज शांत, शाळेत शिकवत असाव्यात. त्यांचे वडील पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते. त्यांचे अहवाल सूचीत त्यांच्या नावाने सापडत नाहीत, असं त्या म्हणत होत्या.

मी नाव विचारलं. तेच नाव. मी समजावून सांगितलं की या नावाचे लेखक आहेत, पण ते सल्लागार साहेब आहेत. बाई म्हणाल्या, माझे वडील अकरा वर्षांपूर्वी गेले. मी नोंद उघडली. या लेखकाचा शेवटचा अहवाल तीन वर्षांपूर्वीचा. तेव्हा हे त्यांचे वडील असू शकत नाहीत, सरळ आहे. गेलेला माणूस कारंज्यांवर लिहिणार कसा? तसं मी त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं. नामसाधर्म्य असतं, पुष्कळदा घरच्यांचा असा गैरसमज होतो.

त्यांनी माझं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या की तुम्ही आवाजावरून लहान वाटता, मी कधीतरी येऊन भेटेन.

वाईट वाटलं. आपल्या माणसाचं नाव मोठं असावं असं प्रत्येकालाच वाटतं.

२२ एप्रिल

तलाव नव्या उंचीपर्यंत भरायला सुरुवात झाली. डोंगरामागच्या मोठ्या धरणातून त्यात पाणी सोडलं आहे. उद्घाटन पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला.

ताईच्या घरामागे जमिनीतून पाणी यायला लागलंय. ऐन उन्हाळ्यात! ताई हरखून गेली आहे. भाऊजींनी लगेच खड्डा खणून त्यात पंप बसवला आणि लाँड्रीला जोडला. पाणी काचेसारखं आहे. शेजारीपाजारी बादल्या घेऊन येतात. भाऊजी सगळ्यांना भरू देतात आणि वर ऐकवतात की नळाच्या पाण्याचे पैसे मोजणारे वेडे.

मीही ओंजळभर प्यायलो. गार होतं.

९ मे

ताईकडे जेवायला गेलो होतो. भाऊजींचं डोकं फिरलंय. दोन दिवस पांढरे कपडे पिवळट निघत आहेत. एका दवाखान्याचे पंधरा कोट परत आले. साबण बदलला, यंत्र आतून धुतलं, तरी तेच. ताईचं म्हणणं, साबणवाल्याने फसवलं. मी म्हटलं, वेगळ्या दुकानातून आणून बघा. पंपाचा आवाजही बदललाय, जरा घशात अडकल्यासारखा. भाऊजी म्हणाले, त्यात बारीक वाळू जाते.

चिमीने खड्ड्यात कागदाची होडी सोडली होती, ती जागच्या जागी गरगर फिरत होती. मला ते बघवेना. कारण माहीत नाही. मी असाच आहे.

१५ मे

हे नीट लिहायला हवं. 

त्या फोनवाल्या बाई आज आल्या. पन्नाशीच्या असतील. मी खुर्ची दिली आणि वाद टाळावा म्हणून वरच्या तलावाचा मूळ अहवालच त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चित्राचं पान काढलं. त्या छत्रीवाल्या मुलीला बोट लावलं, जसं एखाद्याच्या गालाला लावतात.

“ही मी,” त्या म्हणाल्या. “बाबा रविवारी मला बरोबर न्यायचे. माझी उंची दर वर्षी दाराच्या चौकटीवर मोजायचे आणि तीच चित्रात घालायचे. तुम्ही सगळे अहवाल पाहिलेत ना? मी मोठी होत गेलेली दिसले नाही तुम्हाला?”

मी उठलो आणि चोवीसच्या चोवीस काढून आणले. तारखेप्रमाणे लावले. पहिल्यात मुलगी छत्रीएवढी. मग जरा उंच. मग दोन वेण्या. शेवटच्या काहींत ती बाई आहे, छत्री मिटलेली. मी हे अहवाल एकेक करून पाहिले होते. ओळीने कधी लावलेच नव्हते. ‘दर चित्रात तीच मुलगी’ असं मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

काका कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. आज त्यांनी विनोद केला नाही.

बाईंनी सांगितलं की त्यांनी मार्चमध्येच खात्याला लिहिलं होतं, की वडिलांच्या अहवालात बांध वाढवायला मनाई आहे. खात्याने उत्तर पाठवलं: आपल्या वडिलांचे कोणतेही अहवाल आढळत नाहीत, सदर अहवालाचे लेखक विद्यमान सल्लागार असून त्यांनीच उंची वाढवण्यास मान्यता दिली आहे.

आढळत नाहीत. कसे आढळतील? मीच तर पुसले.

मग मी ते वाकडं पान पुन्हा वाचलं. नितळ आहे तोवर. गढूळ झाले की. आणि मला दवाखान्याचे पंधरा कोट आठवले.

१५ मे, संध्याकाळ

नोंद तोडली. चोवीस तिकडे, तीन इकडे. शेऱ्यात लिहिलं: भिन्न व्यक्ती. पहिले लेखक दिवंगत. मग मॅडमना सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या की नोंद तोडायला सहाही संस्थांच्या समितीची मंजुरी लागते, बैठक जूनमध्ये आहे, तोवर तुम्ही कुणाशी बोलू नका. मी तलावाचं सांगितलं. ताईचं सांगितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

“आपण ग्रंथालय आहोत,” त्या म्हणाल्या. “कोण कुणाचा लेखक एवढंच आपण सांगतो. बांध पडेल की राहील, हे सांगणारी माणसं वेगळी आहेत.”

मी म्हटलं, मॅडम, ती माणसं आपल्याला विचारून ठरवतात.

त्यांनी पाणी प्यायला सांगितलं.

तिथून बाईंबरोबर खात्यात गेलो. कार्यालय बंद व्हायला आलं होतं. तिथल्या साहेबांनी अहवाल हातात घेतला, मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, हे तर आमच्याच सल्लागारांचं, त्यांनाच विचारतो. आमच्यासमोर फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. साहेब हसले, फोन ठेवला. जुन्या काळी अशी घबराट असायची, आता तंत्र बदललंय, असं सल्लागार म्हणाले म्हणे. पायथ्याशी ओल येणं चांगलं लक्षण आहे, बांध श्वास घेतो.

बाई बाहेर पायरीवर बसल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, श्वास घेतो हा शब्द बाबांनी जन्मात वापरला नसता.

१६ मे

नोंद पुन्हा एक झाली आहे.

सकाळी उघडून बघतो तर सत्तावीस. मला वाटलं मॅडमनी केलं. त्यांनी नाही केलं. काकांनी समजावून सांगितलं. संगणक दर तास-दोन तासांनी सहाही सूच्या ताडून बघतो. काल संध्याकाळी एक सूची म्हणत होती दोन माणसं, पाच म्हणत होत्या एक. तो बहुमत धरतो.

पण त्या पाचांनी ते माझ्याचकडून घेतलंय. ती पाच मतं माझं एकच मत आहे.

काका म्हणाले, ते आपल्याला ठाऊक, त्याला नाही.

पुन्हा तोडली. तास-दोन तासांनी पुन्हा एक. संध्याकाळपर्यंत हेच केलं. पाचही संस्थांना फोन लावले. दोघांनी उचलला. एकाने सांगितलं, लेखी पाठवा. दुसऱ्याने विचारलं, तुमचं शिक्षण काय?

ताईला फोन करून म्हटलं, दोन-चार दिवस माझ्याकडे या. ती हसली. गॅस बंद केलाय का हे चार वेळा बघणारा माणूस तू, तुझं ऐकून घर सोडायचं म्हटलं तर आम्ही कायम रस्त्यावरच, असं म्हणाली. मग गंभीर होऊन म्हणाली की शनिवार-रविवार गर्दीचे, उद्घाटनाला पाहुणे येणार, हॉटेलांच्या चादरी आल्यात.

१८ मे, रविवार

शनिवार संस्थांना लेखी पाठवण्यात गेला. आज दुपारी चारला गल्लीत पोचलो. आधी मागे जाऊन खड्डा पाहिला. तळ दिसत नव्हता. पाणी चहासारखं. पंप बंद होता, वाळूने बसला होता. खड्ड्याची कड एका बाजूने आत ढासळली होती आणि भाऊजींनी तिथे फळी टाकून ठेवली होती.

मी दारोदार गेलो. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही, पण गेलो. किराणा दुकानदार, शिंपी, रिक्षावाले, पाळणाघर चालवणाऱ्या मावशी. सगळ्यांना एकच सांगितलं, पाणी गढूळ झालंय, आज इथून निघा. एका अभियंत्याने लिहून ठेवलंय. हळूहळू लाँड्रीपुढे माणसं जमली. काहींना पटत होतं. मावशींनी तर मुलांच्या घरी फोन लावायलाही सुरुवात केली होती.

तेवढ्यात शिंप्याने विचारलं की अभियंत्याचं नाव काय. मी सांगितलं. त्याने फोन काढला, नाव घातलं, आणि पडदा माझ्यासमोर धरला. आमचीच सूची. सत्तावीस अहवाल. खाली त्याच नावाची कालची बातमी, फोटोसकट: बांध पूर्ण सुरक्षित, सल्लागारांचा निर्वाळा.

“हा बघ तुझा अभियंता,” शिंपी म्हणाला. “ज्याने लिहिलं म्हणतोस, तोच सांगतोय काही होत नाही म्हणून.”

मी म्हटलं, तो हा नव्हे. तो वारला. ती नोंद चुकीची आहे.

“तुला कसं ठाऊक?”

“ती मी केली आहे.”

शिंप्याने फोन खिशात घातला. मग रिक्षावाला हळूच म्हणाला, म्हणजे तेव्हा चुकलास तूच, आणि आता खरं सांगणाराही तूच. आम्ही कुठला धरायचा? तो चिडून बोलला नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी पुन्हा गढूळ पाण्याचंच सांगायला लागलो. माणसं पांगली. मावशींनी फोन खाली ठेवला.

ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला जवळ बोलावून पुन्हा विचारलं, ती नोंद खरंच तू केलीस? मी मान हलवली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी मी ताप लपवायचो तेव्हा पाहायची तसं. मग आत गेली, चिमीचे चार कपडे पिशवीत कोंबले आणि चिमीला कडेवर घेऊन बाहेर आली.

भाऊजी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. लोकांच्या चादरी आहेत, उद्या गाडी न्यायला येईल, माल असा टाकून कसा येऊ? ताई म्हणाली, चादरी गेल्या खड्ड्यात. त्यावर ते हसले. खड्ड्यात तर आधीच गेल्यात, म्हणूनच आता नळाच्या पाण्याने पुन्हा धुतोय. मी त्यांच्या हाताला धरलं. त्यांनी हात सोडवून माझ्याच खांद्यावर ठेवला. म्हणाले, उद्या येतो, तुला बरं वाटावं म्हणून.

बसमध्ये चिमी माझ्या मांडीवर होती. पुलावरून बांध दिसला. त्यावर मंडपाचं कापड लावत होते.

१९ मे

सकाळचे साडेसहा. ताईला पहाटे झोप लागली, आता उठली आहे. माझी खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, इथून काही दिसत नाही. खाली रस्त्यावर माणसं घोळक्याने उभी आहेत आणि सगळी एकाच दिशेला बघत आहेत. दूधवाला आलेला नाही. नळाला पाणी नाही.

नोंद उघडून पाहिली. सत्तावीस.

ताईने भाऊजींना तीनदा फोन लावला. वाजतोय, कुणी उचलत नाही. ती म्हणते, यंत्र चालू असेल, त्याच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. मी हो म्हणालो. ती चौथ्यांदा लावते आहे.

यंत्र विजेवर चालतं, आणि खालच्या भागातली वीज पहाटेच गेली आहे असं घरमालक मघाशी जिन्यात कुणाला तरी सांगत होता. ताई तेव्हा दारातच उभी होती.